फाटकाबाहेरचा ईस्टर

दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात माझ्या फोनवर लिलीची पांढरी फुलं येऊन पडतात. चर्चच्या मंडळीतल्या बायका पाठवतात, नाती पाठवतात, पुण्याची भाची तर रोज सकाळी एक पाठवते. मागे हिरवं कुरण, थोडं धुकं, पुढे लिली, आणि वर सोनेरी अक्षरांत, 'वसंत आला, प्रभू उठला.' मी चष्मा पुसून ते बघते, मग खिडकीबाहेर बघते. बाहेर जालना जिल्हा असतो. सकाळी नऊलाच रस्ता तापलेला असतो, टँकरमागे पाईप घेऊन माणसं धावत असतात, आणि कडुलिंबाला तेवढी तांबूस कोवळी पालवी आलेली असते. आमच्याकडचा वसंत असाच, उन्हाळ्याच्या काखेत बसून येतो.

तरुणपणी मला याची फार लाज वाटायची. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली मुलगी मी. लिली कधी डोळ्यांनी बघितली नव्हती, पण ईस्टर म्हणजे लिली हे पक्कं पाठ. एका वर्षी मी क्रेप कागदाच्या लिली केल्या, तारेला बांधल्या, आणि पहाटेच्या उपासनेसाठी कबरस्तानात नेऊन खोचल्या. वारा सुटला. अर्ध्या लिली पलीकडच्या कडब्याच्या गंजीत जाऊन अडकल्या आणि एका गायीनं त्यातली एक खाल्ली. ती पोरगी आज मला भेटली तर मी तिला जवळ बसवून चहा पाजीन. म्हणेन, बये, तुला कळत काही नाही, पण बोलतेस मात्र छान.

या पोरीनं केलेल्या एका लग्नाची ही आठवण आहे. आणि एका बाप्तिस्म्याची, जो झालाच नाही.

कुंभार पिंपळगावाजवळच्या एका खेड्यात मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. दोन वेण्या, पांढरी साडी, पिशवीत शुभवर्तमान आणि डोक्यात आख्खं जग सुधारायची तयारी. शाळेच्या मागे मोसंबीची बाग होती. बागेचा मालक माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तो रोज कुंपणावरून विचारायचा, "बाई, पोरं मोसंब्या तोडत न्हाईत ना?" आणि स्वतःच टोपलीभर मोसंब्या शाळेच्या ओट्यावर ठेवून जायचा. मला हे समजायला आख्खं वर्ष लागलं. सांगितलं ना, कळत काही नव्हतं.

कचेरीत सह्या करून लग्न झालं. त्यांचे भाऊबंद वर्षभर बोलले नाहीत. माझ्या आईनं जेवण सोडलं आणि दोन दिवसांनी धरलं. जालन्याच्या आमच्या पाळकसाहेबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "मुली, तू अविश्वासणाऱ्याबरोबर जुवाखाली गेलीस. आता काय करणार?"

मी ताठ मानेनं म्हटलं, "त्यांना मी प्रभूकडे आणीन. एका वर्षात."

एका वर्षात! जणू अंबडच्या बाजारातून म्हैस आणायची होती. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. ते हसू दाबत होते असं आज वाटतं.

लग्नानंतर त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. आख्खा गाव 'बाई' म्हणायचा, तेही 'बाई'च म्हणत राहिले, अहोजाहो करत. भांडणातसुद्धा. "बाई, तुमचं डोकं फिरलं काय?" असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडायला फार कष्ट पडतात.

ईस्टरआधीचा पहिला उपवासकाळ आला तेव्हा बाग फुलली होती. मोसंबीच्या फुलाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही; घरात, कपड्यांत, फळ्याच्या खडूलासुद्धा तो वास यायचा. त्या वासात बसून मी देवाशी सौदा करत होते. मी चहा सोडते, मटण सोडते, तू याला बाप्तिस्म्याला तयार कर. चाळीस दिवस. सासूबाईंना मी फक्त 'उपास आहे' एवढंच म्हटलं. त्यांनी लगेच भगर शिजवली, शेंगदाण्याची आमटी केली आणि रताळी उकडून समोर ठेवली.

"मामी, हे नाही चालत. म्हणजे चालतं. पण आमचा उपास तसा नसतो," मी म्हटलं.

"मंग कसा असतो?"

"भाकरी-भाजी चालते. मटण नाही खायचं. आणि चहा मी सोडलाय."

"आन् किती दिवस?"

"चाळीस."

त्यांनी रताळ्यांचं ताट मागे ओढलं. "भाकर खाऊन उपास? आन् चाळीस दिस? लई अवघड हाय तुमचा देव. धड उपाशीबी ठिवत न्हाई, धड जेवूबी देत न्हाई." पण दुसऱ्या दिवसापासून घरात मटण शिजलं नाही. थेट ईस्टरपर्यंत. मी याला देवाचं उत्तर समजले. सासूबाईंचे उपकार आहेत हे मनातसुद्धा आलं नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे कबरी रंगवायची चाल आहे. घराघरांतली माणसं चुना, ब्रश, खराटे घेऊन कबरस्तानात जमतात, गवत काढतात, कबरी पांढऱ्या करतात. रविवारी पहाटे, अंधार असतानाच, पुन्हा सगळे येतात. प्रत्येक घर आपल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्त्या लावून बसतं. गीतं होतात, आणि पूर्वेला फटफटलं की पाळक मोठ्यानं म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळे, "खरोखर उठला आहे!" लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्यानं ओरडल्यावर खालचे लोक उठतच असणार.

माझे वडील तिथेच आहेत. पहिल्या ईस्टरला हे शनिवारी माझ्याबरोबर फटफटीवर जालन्याला आले. मी आईच्या घरी पुऱ्या तळायला बसले आणि हे म्हणाले, "बाई, सासऱ्याचं काम मी करून येतो." मला काय आनंद झाला! पाखरू जाळ्याकडे यायला लागलं, असं त्या पोरीला वाटलं.

रविवारी पहाटे अंधारात आम्ही फाटकाशी पोचलो. आत मेणबत्त्या लुकलुकत होत्या. हे फटफटी लावून थांबले. चपला काढू का ठेवू असं त्यांचं चाललं होतं. मग म्हणाले, "बाई, मी आत येऊ, का हितंच थांबू?"

आता हा प्रश्न किती साधा. शनिवारी ते आत जाऊन चुना लावून आले होते, कोणी अडवलं नव्हतं. पण रविवार म्हणजे रविवार. आत माझ्या बोर्डिंगच्या मैत्रिणी असणार, पाळकसाहेब असणार, आणि मी दिलेला एका वर्षाचा शब्द असणार. मला त्यांना असं धोतरासकट, बाहेरचा पाहुणा म्हणून आत न्यायचं नव्हतं. मला त्यांना वाजतगाजत न्यायचं होतं, बाप्तिस्मा झालेला, माझा म्हणून. मी म्हटलं, "थांबा थोडं."

ते थांबले. फाटकाबाहेर एक दगड होता, त्यावर बसले. ते 'थोडं' पुढे इतकं लांबलं की आमची मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, दगडाच्या जागी नगरपालिकेचा बाक आला.

त्या पहिल्या पहाटेची गंमत मात्र सांगायला हवी. उपासना चालू होती, अंधार होता, सगळं कसं गंभीर. "ख्रिस्त उठला आहे" झालं आणि उजाडलं. हळूहळू कबरी दिसायला लागल्या, पांढऱ्या, पांढऱ्या, पांढऱ्या, आणि मधोमध माझ्या बापाची निळी. आभाळासारखी निळी. आधी मला वाटलं उजेडाचा खेळ आहे. मग माझ्या आत्याबाईंनी चष्मा वर केला आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं विचारलं, "हे गं काय? तुझा बाप काय मोसंबीचं झाड आहे का?"

मोसंबीच्या खोडाला बुरशी लागू नये म्हणून चुना आणि मोरचूद कालवून लेप देतात. तो निळा असतो. ह्यांनी घरून तोच आणला होता, डबाभर, खास.

मी फाटकाबाहेर जाऊन दातओठ खात विचारलं, "काय केलंत हे?"

"काहून? बराबर केलंय. नुस्ता चुना एका पावसात धुऊन जातो. ह्याला बुरशी लागणार न्हाई, वाळवी लागणार न्हाई. मी सासऱ्याला पहिल्या नंबरचा माल लावलाय, बाई."

मी सोमवारी जाऊन काथ्यानं घासून घासून हात सोलून घेतले. रंग हलला नाही. आई म्हणाली, "राहू दे गं. गर्दीत लांबून सापडतो आता." कित्येक वर्षं त्या कबरीवर वरून चुना दिला तरी खालून निळं उमटायचं.

वर्ष संपलं. बाप्तिस्मा नाही झाला. दुसरं संपलं. दर उपवासकाळात मी काहीतरी सोडायचे आणि देवापुढे हिशेब मांडायचे. त्यांना मात्र मी कधी समोर बसवून विचारलं नाही. सांगितलं पुष्कळ. मी मास्तरीण, सांगण्याची सवय हाडात. जेवताना वचनं सांगायचे, बागेत जाताना येशूचे दाखले सांगायचे, झोपताना त्यांच्या नावानं मोठ्यानं प्रार्थना करायचे, म्हणजे देवालाही ऐकू जावी आणि शेजारच्या खाटेवरही. ते हूं हूं करत ऐकायचे.

ते अंगारकीला राजूरच्या गणपतीला जायचे. मी जात नसे. येताना पेढे आणायचे. मी बोट न लावता विचारायचे, "हा नैवेद्याचा आहे का?"

"न्हाई. दुकानातला हाय. खा बिनघोर."

मी खायचे. तो नैवेद्याचाच असायचा. त्याला दूर्वा चिकटलेली असायची, कुंकू लागलेलं असायचं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. पण त्या एका खोट्यानं माझा देवही सुखी आणि त्यांचा पेढाही संपलेला. माझ्यासाठी ते किती सहज खोटं बोलत, हे मी तेव्हा नीट ध्यानात घ्यायला हवं होतं.

एकदा ईस्टरहून परत येताना त्यांनी फटफटी अंबडच्या पुढे एका झाडाखाली थांबवली. पाणी पिता पिता म्हणाले, "बाई, ती बाई येशूच्या कबरीवर गेल्ती ना पहाटं, तिला तो दिसला. तिनं त्याला माळी समजलं. असं आज तुमच्या पाळकानं वाचलं."

"हो. मग?"

"माळीच काहून? शिपाई काहून न्हाई, वाटसरू काहून न्हाई?"

केवढा प्रश्न! आज कोणी विचारला तर मी दिवसभर त्याच्यापाशी बसेन. त्या पोरीला उत्तर तयार होतं. "अहो, अंधार होता, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती बाग होती. म्हणून."

"तसं न्हाई. मला वाटतं की..."

"आणि 'तुमच्या पाळकानं' नका म्हणू. पाळकसाहेब म्हणा."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, फटफटीला किक मारली. मला वाटलं, चला, आज एक धडा झाला. त्यांना काय वाटत होतं, ते त्या झाडाखाली राहून गेलं.

पस्तिशीत मला जास्तच जोर चढला. बायकांच्या एका शिबिराला गेले आणि पेटूनच आले. त्याआधी एका डिसेंबरात हे मला बागेत घेऊन गेले होते. झाडांचं पाणी तोडलेलं होतं. पानं पिवळी, खाली खच. मला रडू आलं. हे म्हणाले, "ताण दिलाय. मरत न्हाईत. पाणी तोडलं की झाड घाबरतं, मंग जानेवारीत खत-पाणी दिलं की फुलून येतं. सुखात ठिवलं तर नुस्ता पाला."

शिबिरावरून आल्यावर मला ते आठवलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मी इतकी वर्षं या माणसाला सुखात ठेवत होते! म्हणून नुसता पाला. त्या वर्षी मी जाहीर केलं, "मी ईस्टरला एकटी जाईन. एस.टी.नं. तुम्ही फाटकाबाहेर बसणार असाल तर येऊच नका."

"बरं," ते म्हणाले. "डबा देऊ का बांधून?"

काही वर्षं मी अशी एकटी गेले. शनिवारी मुलांना घेऊन, मांडीवर चुन्याची बादली धरून, पिंपळगावच्या स्टँडवरून. कंडक्टर दर वेळी म्हणायचा, "बाई, घर बांधून राह्यलात काय?" जालन्यात माझ्या आईनं विचारलं, "जावई कुठंय?" मी म्हटलं, "ताण दिलाय." तिनं पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "कुणाला?"

त्याच सुमाराचा एक उन्हाळा वाईट गेला. बागेच्या विहिरीनं तळ गाठला, ह्यांचा ताणाचा अंदाज चुकला, पाणी द्यायची वेळ आली तेव्हा पाणीच नव्हतं. पन्नासेक झाडं उभी वाळली.  एका संध्याकाळी वाळलेलं झाड तोडता तोडता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताण आन् दुष्काळ दिसायला सारखाच, बाई. ताणात माणूस रोज येऊन झाडाकडं बघून जातो. दुष्काळात कुनी येत न्हाई." मग म्हणाले, "माझं चुकलं. मी हप्ताभर तुमच्या भाच्याच्या लग्नाला गेल्तो."

ते झाडांबद्दलच बोलत होते. पण पुढच्या ईस्टरला मी म्हटलं, "चला, फटफटी काढा." फाटकापाशी पोचलो तेव्हा वाटलं, आता म्हणावं, या आत. जीभ उचललीही. पण इतक्या वर्षांनी, बाप्तिस्म्याशिवाय, असंच? मग आजवरचा एवढा हट्ट कशासाठी होता? तेवढ्यात ते स्वतःच म्हणाले, "जा तुम्ही. मी बसतो हितं. हितून बराबर ऐकू येतं." आणि रुमाल झटकून बसले.

आता हे सगळं लिहिताना मला त्या पोरीचा राग येतो, आणि हसूही येतं. काय तो रुबाब! स्वर्गाच्या तिकीटखिडकीवर जणू हीच बसली होती. पण तिच्या मनातली भीती खरी होती, ती मी हसण्यावारी नेणार नाही. शेवटल्या दिवशी कबरी उघडतील तेव्हा मी उठून बघीन आणि हा माणूस शेजारी नसेल, याची भीती. ती मला खरोखर वाटायची. अजूनही काही पहाटे वाटते.

तीन वर्षांपूर्वी, बाग फुलून गेली आणि फळं बोराएवढी झाली, तेव्हा ते आजारी पडले. छातीत पाणी होत होतं. जालन्याच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. पवित्र सप्ताह चालू होता. आमचे हल्लीचे पाळक तरुण आहेत, माझ्या मुलापेक्षा लहान. गुरुवारी दुपारी ते मोटारसायकलवरून एवढ्या लांब खेड्यात आले. प्रार्थना केली, ह्यांचा हात हातात घेतला, आणि फार मऊपणानं म्हणाले, "बाबा, तुमची इच्छा असेल तर घरीसुद्धा होतं. ओंजळभर पाणी पुरतं. घाई नाही."

हे म्हणाले, "बाईंस्नी इचारतो."

पाळक ओसरीवर चहा प्यायला गेले. खोलीत आम्ही दोघंच. ह्यांनी मान वळवली.

"बाई, पाहिजे का तुम्हाला? मी हो म्हणतो."

मी इतकी वर्षं या शब्दासाठी चहा सोडला, मटण सोडलं, झोप सोडली. तो शब्द आता माझ्यासमोर होता, फक्त उचलायचा होता. बाहेर पाणी होतं, पाळक होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हा तोच चेहरा होता जो म्हणायचा, दुकानातला हाय, खा बिनघोर.

माझ्यानं उचलवला नाही. मी त्यांच्या उशाशी बसले आणि, देवा, पहिल्यांदाच विचारलं, "माझं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं? त्याच्याबद्दल? तुम्ही इतकी वर्षं बाहेर बसून ऐकलंत. तुमच्या मनात काय आहे, ते सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

त्यांनी डोळे मोठे केले. मग हसले, आवाज न करता, छाती दुखेल म्हणून. "आज इचारून राह्यल्या?"

"हो. उशीर झाला. सांगा."

"लई हाय ते. एका दमात न्हाई व्हायचं." त्यांनी थांबून श्वास घेतला. "उद्या सकाळी सांगतो. सकाळी बरं वाटतं मला."

मी बाहेर जाऊन पाळकांना सांगितलं, "उद्या बघू." त्यांनी मान हलवली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या पोराहून लहान माणसानं. मला बरं वाटलं.

सकाळी ते जागे होते, डोळे उघडे होते, मला ओळखत होते. पण बोलणं गेलं होतं. मी खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी दोनदा ओठ हलवले. मी कान नेला. नुसता वारा आला. तो उत्तम शुक्रवार. जालन्याला मंदिरात दुपारी माणसं क्रुसावरचे सात उद्गार ऐकायला बसली होती आणि मी इथे एका उद्गाराची वाट बघत बसले होते. तीनच्या सुमारास ते गेले.

पुढचं सगळं त्यांच्या माणसांच्या रीतीनं झालं. मी आडकाठी केली नाही. कोणत्या तोंडानं करणार? शेताच्या बांधावर संध्याकाळी अग्नी दिला. आणि तिसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत राख सावडायला जायचं ठरलं. तिसरा दिवस म्हणजे ईस्टरचा रविवार. बायका सहसा जात नाहीत, पण मी पायात चपला घातल्या तशी दिरांनी काही म्हटलं नाही, नुसता हातातला कंदील माझ्या पायांसमोर खाली धरला. दुधाचा तांब्या माझ्या हातात होता. आयुष्यभर मी ती कथा मुलांना शिकवली, पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघालेल्या बायकांची, आणि मला नेहमी वाटायचं त्या रडत गेल्या असतील. तसं काही नसतं. पायाखाली ढेकळं येतात, दूध सांडेल का म्हणून लक्ष तांब्याकडे असतं.

राख गार झाली होती. दिरांनी दूध शिंपडलं, मडक्यात राख भरली. मुलानं खिशातून स्टीलची छोटी डबी काढली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, मी पाळकांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, थोडी राख आणा, आजोबांच्या कबरीशेजारी ठेवू. कोणी काही म्हणणार नाही. मग तुला दर ईस्टरला बसायला जागा होईल."

त्या पोरीनं डबी हिसकून घेतली असती. म्हणाली असती, आला! शेवटी फाटकाच्या आत आला! मलाही हात पुढे करावासा वाटला, खोटं कशाला बोलू. जागा हवी होती मला. सगळे आपापल्या माणसापाशी मेणबत्ती लावून बसतात आणि मी बापाच्या कबरीपाशी बसते, म्हातारी झाले तरी कुणाची तरी मुलगी म्हणूनच. पण जिवंतपणी ज्याला मी आत बोलावलं नाही, त्याला डबीत घालून, त्याला न विचारता, आत नेऊन ठेवायचं?

"नको," मी म्हटलं.

"आई, तुलाच तर पाहिजे होतं ना, कायम?"

"पाहिजे होतं. ते सांगणार होते, त्यांचं राहिलं. आता मी त्यांच्या वतीनं नाही बोलणार."

मुलानं डबीचं झाकण लावलं. मग त्यानं डबी पुन्हा खिशात घातली.

गोदावरी आमच्यापासून फार लांब नाही. नदीत त्या दिवसांत पाणी थोडंच असतं. बराच वेळ वाळूतून चालावं लागतं, मग कुठे गुडघाभर धार लागते. माझा फोन पिशवीत सारखा वाजत होता. मंडळीतल्या बायका लिली पाठवत होत्या. दीर मडकं घेऊन पाण्यात उतरले. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं काही म्हणायचं असतंय का अशा वक्ताला? प्रार्थना-बिर्थना? म्हणा बिनधास्त. आमी थांबतो."

चांगला माणूस. त्यानं विचारलं, आणि खरोखर थांबला. पाण्यात उभा, मडकं छातीशी धरून.

"म्हणायचं काही नाही, भाऊजी," मी म्हटलं. "ऐकायचं राहिलं."

त्यांना ते नीट समजलं नाही. त्यांनी अजून थोडा वेळ वाट बघितली, मग वाकून मडकं धारेत सोडलं.